पिठावरचं पाऊल

कुंकू आधी मुल्लांना दिसलं.

दस्तगीर मुल्ला म्हणजे आमचे पोलीस फोटोग्राफर. कॅमेऱ्याला डोळा लावून ते बाईच्या चेहऱ्याजवळ वाकले आणि बटण न दाबताच थांबले.

"मॅडम, फौजदार म्हणाले ना, ही बाई विधवा होती म्हणून?"

"हो. बरीच वर्षं."

"मग हे बघा."

मी खाली बसले. कपाळाच्या अगदी मधोमध ठसठशीत कुंकू होतं. घाईत फासलेलं नव्हतं, बोटानं गोल फिरवून नीट भरलेलं होतं. बाईचे केस विंचरलेले, पदर सारखा केलेला, दोन्ही हात छातीवर ठेवलेले. एखाद्या आजाऱ्याला झोपवावं तसं तिला कुणीतरी स्वयंपाकघरात शिडीच्या पायथ्याशी निजवलं होतं. डोक्यामागं मात्र खोक होती. शेजारच्या दगडी उंबऱ्यावरचं रक्त ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं, पण दगडाच्या खाचेत ते राहिलं होतं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या अंगुलिमुद्रा विभागात होते. खून झाला, घरफोडी झाली की जायचं, ठसे शोधायचे, उचलायचे, जुळवायचे. आमडगे हे गाव चंदगडच्या बाजूला, डोंगराच्या कुशीत. सगळं गाव काजूवर जगणारं. मेलेल्या बाईचं नाव गौराक्का गावडे. एकटी राहायची, काजू फोडून पोट भरायची.

फौजदार नलवडे दारातच उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांचं मत झालेलं होतं.

"सरळ केस आहे, मॅडम. हिचा दीर, धोंडिबा. घराच्या जागेवरून महिनाभर भांडत होता. परवा चव्हाट्यावर ओरडून गेला, बघतोच तुझ्याकडं म्हणून. त्याला आणलाय मी. आता तुम्ही एक ठसा तेवढा द्या."

"आणि हे कुंकू?"

"विटंबना. मेलेल्या वहिनीला हिणवायला लावलं."

"हिणवणारा माणूस केस विंचरतो?" मुल्लांनी विचारलं.

गावातल्या बायका अंगणात एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांतली एकही उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. मारुती गावड्यानं येऊन कुंकू लावलं, असं त्या दबक्या आवाजात बोलत होत्या. मारुती म्हणजे गौराक्काचा नवरा. दहा-बारा वर्षांमागं बांधावरच्या भांडणात त्यानं शेजारच्या रवळूच्या डोक्यात कुदळ घातली आणि पळाला. पोलीस शोधत असताना पुराच्या पाण्याकडेला त्याचा सदरा आणि चपला सापडल्या. मढं काही सापडलं नाही. गावानं त्याला बुडाला म्हणून सोडलं आणि गौराक्कानं बांगड्या फोडल्या.

आत आली ती एकच बाई, तानाक्का. ती त्या रवळूची आई. वाळक्या शेंगेसारखी बारीक, पण ताठ. दोन्ही घरांची भिंत एकच होती. सकाळी मागलं दार नुसतं ओढून घेतलेलं दिसलं म्हणून तिनं ढकललं, आणि गौराक्काला पहिल्यांदा तिनंच बघितलं.

"तुमचं-हिचं पटत होतं?" मी जरा अवघडूनच विचारलं.

"का न पटावं? माझा ल्योक गेला, तिचा दाल्ला गेला. भांडायला दोघींकडंबी कोण उरलंय?" तिनं डोळे पुसले. "रोज दुपारी मी हितंच यायची. ती काजू फोडायची, मी बोलायची. रवळूचंच बोलायची. ती कधी कंटाळली न्हाई."

मी कामाला लागले. आरशाची काच, स्टीलचा तांब्या, फडताळातला डबा, कुंकवाचा करंडा. ब्रशवर पावडर घेऊन हलक्या हातानं फिरवत गेलं की गुळगुळीत पृष्ठभागावर माणसाच्या बोटांचा घाम पावडर धरतो आणि रेषा वर येतात. करंड्यावर त्या आल्या. आरशावर आल्या. तांब्यावर तर पंजाच उमटला. एकेक ठसा टेपनं उचलून मी कार्डावर घेतला, पंचांच्या सह्या घेतल्या आणि मग गौराक्काची बोटं हातात घेतली. मृताचे ठसे घ्यावेच लागतात, नाहीतर घरातलं कोण आणि बाहेरचं कोण हे कळत नाही.

तिच्या बोटांना रेषाच नव्हत्या.

मी भिंग लावलं. बोटांची टोकं काळवंडलेली, तासल्यासारखी सपाट. काजूच्या टरफलाचं तेल कातडी खातं. वर्षानुवर्षं काजू फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर वाचण्यासारखं काही राहत नाही. मी तानाक्काचे हात बघितले, ते तसेच. पंच म्हणून उभे असलेल्या दोघांचे तसेच. संध्याकाळी कोठडीत धोंडिबाचे बघितले. तो काजू भाजायच्या भट्टीवर होता. त्याच्या कातडीला तर आगीनं आणि तेलानं मिळून चिरा पाडल्या होत्या.

"या गावात कुणी चोऱ्या करायला लागलं तर तुमची नोकरी गेली," मुल्ला म्हणाले.

मला हसू आलं नाही. माझ्या कार्डांवरचे ठसे स्वच्छ होते. इतके स्वच्छ ठसे मी शहरातल्या कारकुनांचेही पाहिले नव्हते. एकही व्रण नाही, घट्टा नाही, तुटलेली रेषा नाही. पंजा मोठा होता, पुरुषाचा होता. आणि त्या हातांनी कित्येक वर्षं काहीही काम केलेलं नव्हतं. आमडग्यात तसा हात कुणाचाच नव्हता.

"पाहुणा असेल," नलवडे म्हणाले.

"तिच्याकडं पाहुणे यायचे?"

तानाक्का सकाळीच म्हणाली होती, तिच्या माहेरचंही कुणी कधी आलं नाही.

"मॅडम, ठसा धोंडिबाचा नाही एवढंच तुम्ही म्हणताय. त्यानं हातावर फडकं गुंडाळलं असेल. उद्या-परवा मी त्याला कोर्टापुढं उभा करणार." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "त्याच्या घरावर सकाळपासून दगड पडतायत. त्याला सोडला तर गाव त्याला जिवंत ठेवेल का?"

घर आम्ही कसून पाहिलं होतं. शिडीनं वर माळा. एक हवालदार बॅटरी घेऊन चढला होता. वर टरफलांची पोती छपराला टेकतील अशी रचलेली, दुसरं काही नाही. तो खाजवतच खाली आला, कारण त्या टरफलांनी अंगाला आग सुटते. मग आम्ही मागलं दार आतून अडसरलं, पुढच्या दाराला कुलूप लावलं, कुलपावर लाखेचं सील केलं आणि ओसरीवर पहारा बसवला.

दुसऱ्या दिवशी प्रेत तपासून परत आलं आणि नदीवर दहन झालं. एका लांबच्या पुतण्यानं अग्नी दिला. दिवस कलताना तानाक्का फौजदारांपुढं येऊन उभी राहिली. तिच्या हातात टोपली, पणती आणि वाटीभर तांदळाचं पीठ होतं.

"जिथं जीव गेला तिथं दिवा ठेवायचाय सायेब."

"घर सील आहे, आक्का."

"तिला कोण हाय दुसरं? अंधारात ठेवू म्हणता व्हय तिला?"

नलवडे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, जागेचे फोटो झालेत, ठसे उचललेत, माझी हरकत नाही. सील तोडल्याची आणि पुन्हा लावल्याची नोंद करा म्हणजे झालं.

ही रीत तुमच्याकडंही असेल. मेलेल्या माणसाच्या जागी पीठ पसरतात, मध्ये पणती लावतात आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटलंय ते बघतात. पाखराचा पाय उमटला तर पाखराचा जन्म, गाईचं खूर उमटलं तर गाईचा. तानाक्कानं शिडीच्या पायथ्याशी पीठ पसरून हातानं सारखं केलं. पणतीत तेल घातलं, अगदी थोडं. तेवढंच होतं तिच्याकडं. मग टोपली पालथी घातली आणि म्हणाली, "गौरा, येते गं."

टोपलीच्या विणीतून उजेडाचे ठिपके भिंतीवर पडले होते. मी सगळ्यात शेवटी बाहेर पडले. कुलूप लावताना मला वाटलं, आत कुणीतरी श्वास घेतला. जुनी घरं संध्याकाळी गार पडताना लाकूड असं आवाज करतं, हे मला ठाऊक होतं. तरीही मी कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा अर्धं गाव अंगणात होतं. सील जसंच्या तसं होतं. पहाऱ्यावरचा शिपाई म्हणाला, रात्रभर चिटपाखरू फिरकलं नाही. मागलं दारही आतून अडसरलेलंच होतं. नलवड्यांनी कुलूप काढलं. तानाक्का आणि चार म्हातारी माणसं आत आली, त्यांच्यामागं मी आणि मुल्ला.

तानाक्कानं टोपली उचलली.

पणती जळत होती. तेल काठोकाठ भरलेलं होतं.

आणि पिठात पाऊल होतं.

उजव्या पायाचं होतं. टाच नव्हती, फक्त चवडा आणि पाच बोटं. वाकून उभ्या राहिलेल्या माणसाचा भार पुढं यावा तसं.

"मानसाचा जल्म!" एक म्हातारा ओरडला आणि तिथंच आडवा पडला. बाहेर बायकांनी ते ऐकलं. कुणी रडायला लागलं, कुणी देवाचं नाव घ्यायला लागलं. तानाक्का हात जोडून हुंदके देत होती. "आली गं बाई, मानसात आली परत."

नलवड्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुल्ला मला म्हणाले, "फोटो घेऊ का?"

मी गुडघ्यांवर बसले. भीती मलाही वाटली. पण भिंग हातात आलं की मन आपोआप रेषा शोधायला लागतं. पीठ बारीक दळलेलं होतं. अंगठ्याखालच्या गादीवरच्या रेषा त्यात स्पष्ट उमटल्या होत्या. भेगा नव्हत्या. त्या गावात भेगा नसलेला तळवा मी एकही पाहिला नव्हता. अनवाणी चालणाऱ्यांची बोटं फाकलेली असतात, ही एकमेकांना बिलगलेली होती. चालणं विसरलेल्या मोठ्या माणसाचं पाऊल होतं ते.

आत्म्यानं तेल कशाला घातलं असतं?

मी मान वर केली. शिडीच्या पहिल्या पायरीवर पांढरं बोट लागलं होतं. दुसरीवर पुसट. तिसरीवर, असेल-नसेल इतकंच. वर माळ्याचं चौकोनी भोक काळंभोर होतं. तिथून एक कोरडं टरफल खाली पडलं आणि माझ्या समोर पिठात रुतलं.

वरून कुणीतरी आमच्याकडं बघत होतं.

"नलवडेसाहेब," मी शक्य तितक्या हळू म्हणाले, "सगळ्यांना बाहेर काढा."

"काय झालं?"

"काढा आधी."

म्हाताऱ्यांना त्यांनी बाहेर नेलं. तानाक्का हलली नाही. ती पिठाकडंच बघत बसली होती. नलवडे परत आले, त्यांनी माझ्या नजरेच्या रोखानं शिडीकडं पाहिलं आणि पिस्तुलाच्या कातडी पिशवीचं बटण उघडलं. तो टक आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला.

मला तेव्हा दोन गोष्टी एकदम कळल्या. ते काम न केलेले हात इतकी वर्षं कुठं होते, हे कळलं. आणि ते कुंकूही कळलं. विधवेला कुंकू कुणी लावत नाही. ज्याच्या लेखी ती विधवा नव्हतीच, तोच लावील. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला सवाष्ण म्हणूनच पाठवतात.

मी वर तोंड करून म्हणाले, "मारुतीराव, खाली या."

तानाक्कानं झटकन माझ्याकडं पाहिलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग वर पोती सरकल्याचा आवाज आला. एक सरकलं, दुसरं सरकलं. एक पांढराफटक पाय भोकातून बाहेर आला आणि चाचपडत पायरी शोधू लागला.

तो पाठमोरा उतरला. दगडाखालच्या गवतासारखं फिकट अंग, खांद्यापर्यंत केस. केस मात्र तेल लावून विंचरलेले. दाराच्या उजेडात आला आणि त्यानं दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. नलवड्यांनी पिस्तूल काढलंच नाही.

"मारुती गावडे?"

त्यानं मान हलवली. तोंड उघडलं, पण आवाज यायला वेळ लागला. आला तो कुजबुजल्यासारखा. नंतर कळलं की त्याला दुसरा आवाजच उरला नव्हता.

"धोंडिबानं कायबी केलं न्हाई," तो म्हणाला. "मी वरनं ऐकलं. त्याला सोडा."

"मग कुणी मारलं तिला?"

"कुणीच न्हाई. मला गरम भाकरी द्याला चढत होती. पाय सुटला."

"लगेच गेली?"

त्यानं शिडीच्या पायथ्याकडं पाहिलं.

"न्हाई. जीव होता. मी खाली आलो. तिचं डोकं मांडीवर घेतलं. हाक मारनार होतो, भिंतीपल्याडच काकी. तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला." त्यानं स्वतःचाच तळवा ओठांवर ठेवून दाखवला. "आसा. शेवटपतूर काढला न्हाई."

मुल्लांनी कॅमेरा खाली केला आणि तोंड फिरवलं.

तानाक्का उठली. मला वाटलं ती त्याच्या अंगावर जाईल. नलवडे मध्ये यायला लागले, पण ती त्याच्यापासून हातभर लांब थांबली आणि माळ्याकडं बघत म्हणाली, "तू वरच होतास?"

"व्हय, काकी."

"समदी वर्सं?"

"व्हय."

"दुपारी मी येऊन बसायची. रवळूचं बोलायची. कसा रांगला, कसा शाळंत गेला, त्या दिवशी काय खाऊन शेताला गेला. ते..."

"ऐकलं."

"समदं?"

"रोज, काकी. कान झाकले तरी ऐकू यायचं. मग झाकायचं सोडलं."

आता बाहेर कुणीतरी दारातून डोकावलं होतं आणि किंचाळून मागं पळालं होतं. अंगणात गलका उठला. आत मात्र ती दोघं एकमेकांपुढं उभी होती आणि आम्हा पोलिसांचं तिथं काही काम नव्हतं.

"मग नाव घे त्याचं," तानाक्का म्हणाली. "माझ्यापुढं घे."

त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. तानाक्का वाट बघत राहिली. तिनं डोळे मिटले नाहीत, मान खाली घातली नाही. त्यानं भिंतीला हात टेकला, छाती भरून घेतली, आणि आला तो आवाज कुजबुजीचा नव्हता. फाटलेला, बेसूर, पण अंगणापर्यंत गेलेला.

"रवळू!"

बाहेरचा गलका एकदम थांबला.

तानाक्कानं मान हलवली. मग ती नलवड्यांना म्हणाली, "न्या आता त्याला," आणि मागल्या दाराचा अडसर काढून आपल्या घरी निघून गेली.

ठाण्यात मी त्याच्या दाही बोटांचे ठसे घेतले. शाईच्या पाटीवर बोट फिरवताना ते लहान मुलाच्या बोटासारखं मऊ लागत होतं. करंड्यावरचा ठसा जुळला, आरशावरचा जुळला. बंदोबस्ताला असलेले लोक येऊन येऊन त्याला बघून जात होते. कोठडीत त्याला चटई दिली तर तो ती ओढून कोपऱ्यात बाकाखाली घेऊन गेला आणि तिथं अंग चोरून पडला.

धोंडिबा त्याच दिवशी सुटला. घर त्याच्याकडं गेलं, पण तो तिथं राहायला गेला नाही. मारुतीवर रवळूच्या खुनाचा खटला चालला. त्यानं काही नाकारलं नाही. त्याला जन्मठेप झाली, आणि तुरुंगात दोन-तीन उन्हाळे काढून तो छातीच्या दुखण्यानं गेला.

निकाल ऐकायला त्या दिवशी मीही गेले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात तानाक्का भेटली. पिशवीतून तिनं मला मूठभर काजू दिले, घ्यावेच लागले.

"अजून जाता का त्या घराकडं?" मी विचारलं.

"जाते की. धोंडिबानं किल्ली माझ्याकडंच ठेवलीय. दुपारी जाते, बसते."

"एकटीच?"

"एकटीच." तिनं पिशवीचं तोंड बांधलं. "एक सांगू का बाई तुमाला? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसंल. मी तिथं रवळूचं बोलायची ना, तवा मला कायम वाटायचं, हे घर ऐकतंय. गौरा काजू फोडत असायची, तिचं ध्यान असायचं-नसायचं. पर घर ऐकायचं. एकेकदा आढ्याकडं बघूनच बोलायची मी. उगंच न्हाई रोज गेले."

"आणि आता?"

"आता जाऊन बसते," ती म्हणाली. "पर तोंड उघडत न्हाई. कुणीच ऐकत न्हाई आता तिथं."